आरसीत न लिहिलेलं कुलूप

मोटारसायकल विकली की नमुना २९ आणि नमुना ३० भरायचे. चेसिस नंबर, इंजिन नंबर, विमा, पीयूसी, आणि गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची संमती. नांदेड असो की लातूर, आरटीओबाहेर बसलेला एजंट हा सगळा ‘टीटी सेट’ चहा संपायच्या आत तयार करून देतो. मात्र आधीच्या मालकानं सीटखाली, साइड पॅनेलच्या आत किंवा डॅशबोर्डच्या खाली आपल्या हिशेबानं बसवून घेतलेलं चोर बटण, रिले, सायरन किंवा जीपीएस यासाठी त्या कागदांत कुठं रकाना नाही. विकणारा सांगायचं विसरतो, मधल्या ऑटो कन्सल्टंटला ते ठाऊकच नसतं, आणि घेणारा विचारत नाही.

मग एक दिवस अहमदपूरच्या पुढं गाडी बंद पडते. किक मारून मारून पाय भरून येतो. प्लग काढून पुसला जातो, कार्बोरेटर खोलला जातो, कुणी ‘सीडीआय गेला’ म्हणून नवा टाकायला लावतं. शेवटी एखादा जुना वायरिंगवाला सीट उचलतो, काळ्या टेपचा फुगीर गोळा दोन बोटांत दाबून बघतो आणि विचारतो, “ह्यात काय बसवलंय ओ?” मालकाचं उत्तर ठरलेलं, “मला काय ठावं? मी घेतली तवाच असंल.” टेप उलगडली की आत पाच पिनांचा गंजलेला रिले आणि नुसत्या पिळून जोडलेल्या वायरी निघतात. गाडी चोरापासून वाचवायला बसवलेली वस्तू नव्या मालकालाच रस्त्यात उभं करते.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा माणूस दात बघतो, खुरं बघतो, चालवून बघतो आणि मगच पैशाला हात घालतो. तोच माणूस जुनी गाडी घेताना टायर दाबतो, सायलेन्सरचा धूर बघतो आणि चावी खिशात टाकून निघतो. ती चावी एक आहे की दोन, एवढंही बरेचदा विचारत नाही.

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे पोलिसांच्या नांदेड परिक्षेत्रात येतात. इथल्या वर्तमानपत्रांत एक फोटो वाचकांच्या सवयीचा झालेला आहे: स्थानिक गुन्हे शाखेच्या आवारात रांगेनं उभ्या केलेल्या दुचाकी, मागं पथक, आणि पुढं तोंडाला रुमाल बांधलेले आरोपी. त्या रांगेत नवी कोरी गाडी क्वचित दिसते. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या, रोजच्या वापरातल्या, दोन-तीन हात फिरलेल्या. त्यामागं व्यवहार आहे. अशा गाडीचे सुटे भाग कुठंही खपतात, खेड्यात कागदाविना ती चालून जाते, आणि शेताच्या वाटेवर तिची आरसी मागायला कुणी उभं नसतं. शिवाय सीमा जवळ. देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडलं की तेलंगण, उदगीर किंवा निलंग्याकडून पुढं गेलं की कर्नाटकाचा बिदर जिल्हा. एमएच २६ किंवा एमएच २४ ची पाटी काढून दुसऱ्या राज्याची लावली की वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रानं दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर ठरवला आणि मुदतीमागून मुदत वाढवली. लेसरनं कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवली की तोडल्याशिवाय न निघणारी पाटी हा चांगलाच अडसर आहे. पण तो गाडी नेल्यानंतरचा. गाडी जागची हलू नये यासाठी तिचा उपयोग नाही.

जुनी दुचाकी जागची हलते ती का? तिच्यात चावी ओळखणारं डोकंच नसतं. चावी म्हणजे एक स्विच, फिरवला की चालू. दहा वर्षं वापरलेल्या कुलपाचे आतले पितळी दात झिजतात, मग मूळ चावीच्या जवळपासची कुठलीही चावी त्यात फिरते. गावाकडं तर ‘तुझी चावी माझ्या गाडीला लागते’ ही गमतीची गोष्ट समजली जाते. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर विचारूच नये. एकाच कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या चाव्या एकमेकांना लागतात हे उसाच्या हंगामात फडावर उभ्या असलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला माहीत असतं.

नव्या मोटारींत ही कमतरता कारखान्यातच भरून काढली जाते. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक बारीकशी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून मिळणाऱ्या लहरींवर ती जागी होते आणि आपला संकेत सांगते. इंजिनच्या कॉम्प्युटरला तो पटला तरच पेट्रोल आणि ठिणगी सुरू होते. मारुतीच्या काचांवर ‘आयकॅट्स’चं स्टिकर अनेकांनी पाहिलं असेल, ते याच व्यवस्थेचं. दुचाकींत हे फार उशिरा आलं. होंडानं ॲक्टिव्हाला स्मार्ट की दिली ती २०२३ च्या जानेवारीत. म्हणजे आज सेकंड हँड बाजारात फिरणाऱ्या बहुसंख्य दुचाकी या चिपच्या आधीच्या काळातल्या आहेत. मग मालक आपापली सोय बघतो.

अशी सोय बघण्याची खटपट मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९१९ मध्ये दोघांनी एका उपकरणाचं पेटंट घेतलं होतं. गाडीत नऊ स्विचांची पाटी, तीन आडव्या ओळी, तीन उभ्या. ठरलेली जुळणी केली तर ठिणगी मिळणार, चुकली तर इंजिन गप्प आणि वर भोंगा सुरू. मालकानं रोज जुळणी बदलली तरी चालायची. आज लातूरच्या एखाद्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणाऱ्या रिमोट-सायरनच्या डब्यात यापेक्षा निराळी कल्पना नाही.

सगळ्यात साधं आणि स्वस्त म्हणजे चोर बटण. ठिणगीच्या किंवा पंपाच्या वाटेवर एक छोटा स्विच टाकायचा आणि तो हाताला सहज लागणार नाही अशा जागी लपवायचा. याची ताकद फक्त जागेत आहे. दुकानदार सगळ्यांना एकाच जागी बसवून देत असेल, तर ती जागा ग्राहकांच्या आधी चोरांना पाठ होते. म्हणून जाणते लोक जागा स्वतः ठरवतात आणि ती दुकानाच्या फळीवर उभं राहून बोलत नाहीत.

त्यावरची पायरी रिलेची. रिले म्हणजे सुपारीच्या डबीएवढा काळा ठोकळा, खाली पाच पिना, त्यांच्यावर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे. ८५-८६ ला वीज दिली की आत ‘टक्’ असा आवाज होतो आणि ३० नंबरची वायर ८७ए सोडून ८७ ला चिकटते. खरा प्रश्न इथं आहे. गाडीची महत्त्वाची वायर ८७ वर घेतली तर रिलेला वीज मिळत असेपर्यंतच गाडी चालते, म्हणून चोरानं उपकरणाची वायर तोडली तरी गाडी सुरू होत नाही. मात्र रिले जळला, पिनेवर गंज आला, पावसात पाणी शिरलं, तर भर रस्त्यात इंजिन बंद. ८७ए वर घेतली तर उलट: रिले मेला तरी गाडी चालते, पण उपकरणाची वीज तोडली की चोरालाही गाडी मोकळी. एकीकडं सुरक्षा, दुसरीकडं खात्री. कुठली निवडली, हे बसवणाऱ्यानं मालकाला सांगायला हवं. सांगितलं जातं ते एवढंच, “काय टेन्शन घेऊ नका, एकदम फिट केलंय.”

पेट्रोल इंजिनचं हे गणित जुन्या डिझेलला लागू होत नाही. यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरजच नसते, ठिणगी हा प्रकारच त्यात नाही. तिथं अडवायचा तो स्टार्टर किंवा डिझेलची वाट. तरी ट्रॅक्टरला ‘इग्निशन कट’ बसवून पैसे घेणारे भेटतात. उलट एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ दुचाकींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पेट्रोलच्या टाकीत विजेचा पंप आला, सेन्सर आणि कॉम्प्युटर आले. तिथं वायरिंगमध्ये ब्लेड घालण्याआधी दहादा विचार करावा. एका चुकीच्या जोडानं कॉम्प्युटर चुकीचं वागू लागतो, आणि कंपनी वॉरंटी नाकारायला तेवढंच कारण पुरतं.

सायरनबद्दल लोकांना भारी विश्वास. तो खरं तर सर्वांत कमी कामाचा. लातूरच्या शिकवण्यांच्या परिसरात शेकडो दुचाकी एकमेकींना खेटून उभ्या असतात. एकीला धक्का लागला की ती ओरडते, मग तिसरी, मग दहावी. दोन महिन्यांत त्या आवाजाकडं मान वळवणंही लोक सोडून देतात. त्यात बॅटरीचा हिशेब वेगळाच. शंभर सीसीच्या बाइकची बॅटरी साधारण ३ अँपिअर-तासांची. अलार्मचा डबा रात्रंदिवस २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास गेला. गाडी उभी ठेवून पोरगं दिवाळीला गावी गेलं आणि आठवड्यानं परत आलं, तर बॅटरीत काही उरत नाही. दोष बॅटरीला दिला जातो. नवी टाकली जाते. तीही बसते.

आता नवी टूम जीपीएसची. मोबाइलवर गाडी कुठं आहे ते दिसतं, आणि पुष्कळ यंत्रांत दूर बसून इंजिन बंद करायचीही सोय असते. चोरीच्या तपासात याचा उपयोग होतो यात शंका नाही, गाडी तेलंगणात गेली तरी नकाशावर दिसते. पण सोयीमागचा धोका दाखवणारे दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात जुन्या गाड्या हप्त्यावर विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडच्या शंभराहून जास्त गाड्या एकाएकी सुरू होईनात, काहींचे भोंगे रात्री-अपरात्री वाजू लागले. हप्ता थकला की गाडी दुरून बंद करता यावी म्हणून व्यापाऱ्यानं प्रत्येक गाडीत यंत्र बसवलं होतं, आणि नोकरीवरून काढलेल्या एका माणसानं दुसऱ्याचा पासवर्ड वापरून राग काढला. दुसरा प्रसंग २०२२ चा. मायकोडस एमव्ही-७२० नावाच्या स्वस्त चिनी ट्रॅकरमध्ये इतक्या फटी सापडल्या की अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं जाहीर इशारा दिला. कारखान्यातून येणारा पासवर्ड १२३४५६, आणि परक्या माणसाला दुरून इंधन तोडता येणं शक्य. त्या कंपनीची पंधरा लाख यंत्रं १६९ देशांत असल्याचं संशोधकांनी सांगितलं होतं. सेकंड हँड गाडी घेणाऱ्यानं यातून घ्यायचा तो प्रश्न साधा आहे: गाडीत जीपीएस असेल तर त्याचं सिम कुणाच्या नावावर? आधीच्या मालकाच्या मोबाइलमध्ये ॲप अजून चालू असेल, तर आपण कुठं जातो ते त्याला बसल्या जागी दिसतं. चारपदरी महामार्गावर उसाची ट्रॉली ओलांडताना कुणी चेष्टेनं ‘इंजिन ऑफ’ दाबलं, तर पुढं काय होईल हे सांगायला नको.

एवढं सगळं असूनही इंजिन अडवणारं कुलूप कामाचं आहे, याचे पुरावे भक्कम आहेत. युरोपात १९९८ च्या सुमारास नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे असंच इंजिन अडवणारं उपकरण, सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ ची आकडेवारी तपासली, तेव्हा या एका उपकरणानं मोटारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी खाली आणल्याचं दिसलं. चोर जुन्या गाड्यांकडं वळले, तो परिणाम धरूनही. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि किया यांच्या २०१५ च्या मॉडेलांपैकी जेमतेम २६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर होता, बाकी कंपन्यांत ९६ टक्के. परिणाम २०२१-२२ मध्ये दिसला: पोरासोरांनी व्हिडिओ बघून त्या गाड्या पळवण्याचा धुमाकूळ घातला, आणि कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं, कोट्यवधी डॉलरची तडजोड करावी लागली.

मराठवाड्याच्या दृष्टीनं मोलाचं आहे ते जुन्या गाड्यांचं काय झालं ते. ब्रिटननं १९७१ मध्ये फक्त नव्या मोटारींना स्टिअरिंग लॉक सक्तीचा केला. नव्या गाड्या वाचल्या, चोरांनी जुन्या उचलल्या. पश्चिम जर्मनीनं दहा वर्षं आधीच रस्त्यावरच्या सगळ्याच मोटारींना तो लावायला लावला होता, आणि चोऱ्या खरोखर घटल्या. ऑस्ट्रेलियाच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यानं १९९९ पासून आणखी नेमकं पाऊल उचललं: जुनी मोटार दुसऱ्याच्या नावावर करायची असेल तर तिला मान्यताप्राप्त इमोबिलायझर बसवलेला असला पाहिजे. कॅनडातल्या विनिपेग शहरात चोऱ्यांनी कळस गाठला, तेव्हा सरकारी विमा कंपनीनं जास्त चोरीला जाणाऱ्या जुन्या मॉडेलांना स्वखर्चानं इमोबिलायझर बसवून दिले आणि २००७ मध्ये ते सक्तीचे केले. चोऱ्या काही वर्षांत कोसळल्या. नावावर करण्याची वेळ हीच गाडी तपासायची वेळ, हा विचार आपल्या नमुना ३० ला सुचायला हरकत नव्हती. शंभर सीसीच्या बाइकला चिपची चावी लावा असं कुणी म्हणणार नाही. पण ‘बसवलेलं जादा उपकरण’ एवढा एक रकाना वाढवायला सरकारला खर्च तो काय?

आपल्याकडं विम्यात या उपकरणांना सूट आहे, पण ती ऐकून हसू येईल. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची, म्हणजे वेताळ टेकडीवरच्या एआरएआयची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं, तर ‘ओन डॅमेज’ हप्त्यात अडीच टक्के सवलत, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. दुचाकीचा तो हप्ता हजार रुपये धरला तर सूट पंचवीस रुपयांची. शिवाय फुटपाथवरच्या दुकानात बसवलेल्या बिननावाच्या डब्याला ती मिळत नाहीच. त्याहून मोठी अडचण अशी की जुन्या दुचाकींचा विमा काढलाच तर तो थर्ड पार्टीचा असतो. थर्ड पार्टीत चोरीची भरपाई नसते. ‘इन्शुरन्स हाय की’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना हे गाडी गेल्यावर कळतं.

पूर्ण विमा असला तरी वाट सरळ नाही. एफआयआर लागते, तपासात गाडी मिळाली नाही तर ‘अ समरी’चा अहवाल लागतो, आणि कंपनी दोन्ही चाव्या मागते. सेकंड हँड घेताना एकच चावी मिळालेली असेल, तर इथं घोडं अडतं. चोरी झाली की आधी पोलीस ठाणं गाठावं. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की एफआयआर लगेच दिली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही. तो दावा ट्रॅक्टरचाच होता. २०२३ मध्ये ट्रकची चावी आतच राहिल्याचं एक प्रकरण आलं, तेव्हा न्यायालयानं कंपनीला ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. म्हणजे चावी कुलपात ठेवण्याची किंमत पाव भाग.

नावावर करून घेण्याचा आळस तर सगळ्यांत महाग. सही केलेला टीटी सेट गादीखाली ठेवून गाडी वर्षानुवर्षं चालवणारे या चारही जिल्ह्यांत जागोजागी आहेत. ओन डॅमेज विमा नव्या मालकाकडं आपोआप येत नाही, चौदा दिवसांत बदलून घ्यावा लागतो. विकणाऱ्यालाही झोप लागू नये अशी गोष्ट म्हणजे, आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, मग मधे गाडी चार हात फिरलेली असो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईत हेच ठरवलं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठीही नियम आहेत: अधिकृत व्यापाऱ्याकडं गाडी दिली की तशी ऑनलाइन नोंद होते आणि विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची. आपला व्यापारी अधिकृत आहे का, हे विचारायला कुणी मनाई केलेली नाही.

म्हणून सौदा करताना दहा मिनिटं जास्त घ्यावीत. चेसिस नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवावा. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत नंबर टाकला की गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का ते घरबसल्या कळतं. मग विकणाऱ्याला समोर उभं करून विचारावं: चाव्या किती, जादा वायरिंग काय केलंय, बटण कुठं आहे, सायरनचा रिमोट कुठं, जीपीएसचं सिम कुणाचं. त्याला नीट सांगता येत नसेल तर पहिल्या आठवड्यातच ते सगळं उपसून काढावं आणि वायरी सोल्डर करून, बाही चढवून पूर्ववत कराव्यात. पुन्हा बसवायचं असेल तर आपल्या ठरवलेल्या जागी एक चांगलं बटण, वर डिस्क ब्रेकचं कुलूप. डोळ्यांना दिसणारं कुलूप चोराचा वेळ खातं, न दिसणारं बटण त्याचा अंदाज चुकवतं. दोन्ही मिळून सायरनच्या निम्म्या पैशांत होतं.

तरीही गाडी गेली आणि नशिबानं स्थानिक गुन्हे शाखेच्या त्या रांगेत सापडली, तरी ती लगेच घरी येत नाही. ती आता मुद्देमाल असते. न्यायालयात अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर सोडवावी लागते. गाड्या ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून लवकर मालकाला द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे, त्यामुळं अर्ज केला तर सहसा मिळते. मिळते ती बहुधा तुटलेल्या हँडल लॉकसकट, लोंबत्या वायरींसकट. पहिला खर्च नव्या लॉक सेटचा: इग्निशन, टाकी आणि साइड पॅनेल. आणि सुपूर्दनाम्यात अट असते की खटला निकाली निघेपर्यंत गाडी विकायची नाही, तिच्यात फेरफार करायचा नाही, न्यायालय म्हणेल तेव्हा हजर करायची. तोवर तिचा टीटी सेट कुणाला देता येत नाही.